दोराच्या टोकाला गाव

सफोक परगण्यातल्या त्या खेड्यात मी उतरलो तेव्हा चर्चच्या फाटकाशेजारच्या सूचना फलकावर सहा कागद होते. फुला-भाज्यांचं प्रदर्शन, गावाच्या सभागृहात जुन्या वस्तूंची विक्री, सुगीच्या जेवणाची नावनोंदणी, पॅरिश कौन्सिलच्या बैठकीची वेळ, हरवलेल्या मांजराचा फोटो. सहावा कागद उन्हानं पिवळा पडला होता : ‘घंटा वाजवायला माणसं हवी आहेत. संगीत येण्याची गरज नाही. मंगळवारी संध्याकाळी साडेसातला मनोऱ्यात यावं.’

संपादकांनी मला इंग्रजी खेड्यातले सणसोहळे पाहून लिहायला सांगितलं होतं. ते मी पाहिले. प्रदर्शनात पांढरेशुभ्र कांदे एका मापाचे निवडून वाळूवर मांडले होते, मुरंब्याच्या बरण्यांना बक्षिसाच्या चिठ्ठ्या होत्या, पाऊस आला आणि कुणीच उठलं नाही. पण त्या पिवळ्या कागदानं मला मनोऱ्यात नेलं आणि माझा उरलेला सगळा मुक्काम तिथंच गेला.

त्याला पुण्यातलं एक कारण आहे. गुरुवार पेठेत पंचहौदच्या चर्चशेजारी एक उंच, वेगळा उभा असलेला घंटामनोरा आहे. ज्या पंचहौद मिशनमध्ये १८९० साली टिळक-रानड्यांच्या समोर चहाचे पेले आले आणि त्या चहावरून पुढे ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, झालं, तिथलाच हा मनोरा. त्याच्याखालून मी लहानपणापासून गेलो आहे. त्यात आठ घंटा इंग्लंडच्या पद्धतीनं, म्हणजे चाकावर पूर्ण फिरतील अशा टांगलेल्या आहेत, हे फार उशिरा वाचनात आलं. घंटा फिरते म्हणजे काय, हे तेव्हापासून बघायचं होतं.

दगडी गोल जिना इतका अरुंद की खांदे दोन्ही भिंतींना घासतात. वर चौकोनी खोली, छतातून उतरलेले सहा दोर आणि प्रत्येक दोरावर लोकरीचा जाड, तांबडा-पांढरा-निळा गोंडा. त्याला ‘सॅली’ म्हणतात. खोलीत चार माणसं होती. टॉवर कॅप्टन सत्तरीच्या बाई. उभा जन्म त्यांनी शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना जेवण वाढण्यात घालवला. वाजवायला लागल्या त्या चौदाव्या वर्षी, वडिलांच्या हाताखाली. अॅलिस व्हाइट नावाच्या बाईनं १८९६ साली पहिल्यांदा पुरुषांच्या बरोबरीनं पूर्ण ‘पील’, म्हणजे तीन तासांचं सलग वादन, वाजवला, त्याआधी या खोल्यांमध्ये बायका सहसा नसत, हे त्यांनीच मला सांगितलं.

“आधी वर चला,” त्या म्हणाल्या. “घंटा पाहिल्याशिवाय दोर कळत नाही.”

शिडीनं आम्ही घंटांच्या खोलीत गेलो. आपल्या देवळातली घंटा जागच्या जागी असते, आपण लोलक हलवतो. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा देशावर आल्या. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर १७०७ साल कोरलेली, माता-बालकाचं चित्र असलेली तशी एक घंटा आजही आहे, तीही स्थिरच. इंग्लंडात मात्र सतराव्या शतकापर्यंत घंटेच्या आडव्या तुळईला आख्खं चाक बसलं आणि सगळं बदललं. दोर चाकावरून जातो. वाजवण्याआधी घंटेला झोके देत देत पार उलटी करतात. तोंड आभाळाकडे, अर्ध्या टनाचं ओतीव काशाचं वजन अगदी तोलाच्या टोकावर. खाली कुणी दोर जरासा ओढला की ती कलंडते, पूर्ण फेरी घेते, एक टोला देते आणि दुसऱ्या बाजूनं वर येऊन पुन्हा उलटी थबकते. हा हँडस्ट्रोक. पुन्हा ओढलं की आली त्या वाटेनं परत. तो बॅकस्ट्रोक. दोन टोल्यांच्या मध्ये ती तोलावर किती वेळ रेंगाळेल एवढंच वाजवणाऱ्याच्या हातात असतं.

त्या उलट्या घंटेला आधार काय? तुळईला उभा ठोकलेला, अॅश झाडाच्या लाकडाचा हातभर लांबीचा एक दांडा. नाव ‘स्टे’. घंटा तोलापलीकडे किंचित कलली की हा दांडा खालच्या सरकत्या पट्टीला टेकतो आणि ती उभी राहते. इतकं अवजड यंत्र आणि भिस्त एका लाकडाच्या तुकड्यावर. मी विचारलं, लोखंडाचा का नाही?

“तो तुटायलाच हवा,” बाई म्हणाल्या.

नवशिक्यानं जोरात ओढलं तर घंटा वेगानं येऊन स्टेवर आदळते. दांडा मोडतो, घंटा पुढे फिरत जाते, दोर सरसर वर पळतो आणि त्या क्षणी हात सोडायचा असतो. लोखंड मोडलं नसतं, म्हणजे सगळा मार घंटेच्या चौकटीनं, मनोऱ्यानं आणि दोर धरलेल्या माणसानं खाल्ला असता. खालच्या खोलीत भिंतीला तीन मोडके स्टे टांगलेले आहेत, प्रत्येकावर पेन्सिलीनं साल. त्यातला सर्वांत जुना बाईंनी स्वतः मोडलेला. हा मोडण्यासाठीच घडवलेला दांडा माझ्या डोक्यातून पुढे कित्येक दिवस गेला नाही.

खाली येऊन त्या पहिल्या दोराशी उभ्या राहिल्या. सर्वांत हलक्या घंटेला ‘ट्रेबल’ म्हणतात, सर्वांत जड ती ‘टेनर’. “लुक टू!” सगळ्यांचे हात गोंड्यांवर. “ट्रेबल्स गोइंग... शीज गॉन.” आणि वरून उतरती स्वरांची सरी. त्या संध्याकाळी मी धरून पाच जण होतो आणि मला दोराला हात लावायची परवानगी नव्हती, म्हणून चारच घंटा वाजल्या.

या वाजवण्यात गाणं नसतं, धून नसते. घंटा जड असल्यामुळे तिला एका फेरीत आपली जागा फक्त एका घरानं पुढे-मागे करता येते. तेव्हा सहा घंटांच्या गावात १२३४५६ नंतर शेजारी शेजाऱ्याशी जागा बदलतो : २१४३६५, मग २४१६३५, असं करत पुढे. एकही ओळ पुन्हा येऊ द्यायची नाही. चार घंटांच्या ओळी २४, पाचांच्या १२०, सहांच्या ७२०, सातांच्या ५०४०. भास्कराचार्यांनी लीलावतीच्या शेवटी अंकपाशात अंकांच्या अशा मांडण्या मोजल्या आहेत. इथं तेच गणित शेतकरी, सुतार आणि शाळेतल्या स्वयंपाकीणबाई खांद्यांनी करतात, तेही समोर कागद न ठेवता. सहा घंटांच्या ७२० ओळींना सुमारे पंचवीस मिनिटं लागतात. ५०४० ओळींना तीन तास. हा तीन तासांचा पहिला खरा ‘पील’ २ मे १७१५ रोजी नॉरिचच्या सेंट पीटर मॅन्क्रॉफ्ट चर्चमध्ये वाजला. आठ घंटांच्या ४०,३२० ओळी लफबरोच्या घंटा-ओतशाळेत १९६३ साली आठ जणांनी वाजवल्या. जवळजवळ अठरा तास, बदली माणूस न घेता. या विद्येची पुस्तकं १६६८ आणि १६७७ साली निघाली. दोन्हींशी फेबियन स्टेडमन या मुद्रकाचं नाव जोडलेलं आहे आणि त्याच्या नावाची पद्धत आजही वाजते. बाकी इतिहास पुस्तकांत आहे.

मला ओढ लागली ती या घंटांनी गावाला काय काय सांगितलं याची. मृत्यूची बातमी आधी मनोऱ्यातून येई. पुष्कळ गावांत पुरुषासाठी तीनदा तीन टोले, बाईसाठी तीनदा दोन, मग थोडं थांबून वयाइतके. या टोल्यांना ‘टेलर’ म्हणत. ते शिंप्याचं नाव नव्हे, सांगणारा या अर्थाचं असावं असं मानतात. शेतात वाकलेली माणसं हात थांबवून मोजत. एकोणऐंशीवर थांबले की कोण गेलं ते गावाला नाव न घेता कळे. लग्नाला घंटा, सुगीला घंटा. ३१ डिसेंबरच्या रात्री लोलकाच्या एका बाजूला चामडी टोपी बांधून जुनं वर्ष वाजवतात : एक टोला खणखणीत, दुसरा दूरच्या दरीतून आल्यासारखा. बाराला टोप्या काढतात आणि नवं वर्ष मोकळ्या आवाजात येतं.

जून १९४० मध्ये देशभरातल्या घंटा गप्प केल्या गेल्या. शत्रू उतरला तरच वाजवायच्या, असा हुकूम. बाईंच्या वडिलांनी त्या काळात रोज वर जाऊन दोर तपासले, न वाजवता. नोव्हेंबर १९४२ मध्ये एल अलामीनच्या विजयासाठी त्या वाजल्या आणि १९४३ मध्ये बंदी उठली. पहिल्या महायुद्धात सुमारे १,४०० घंटावादक मारले गेले होते. २०१८ साली त्यांच्या स्मरणार्थ तितकेच नवे वादक तयार करण्याची मोहीम झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी चर्चच्या घंटा तासभर दबक्या आवाजात वाजवा असा निरोप आला. राजा-राणीच्या मृत्यूला लोलकाच्या दोन्ही बाजू बांधतात. “माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच तसं वाजवलं,” बाई म्हणाल्या. “खोलीत आम्हाला आमचीच घंटा ऐकू येईना. हाताच्या आठवणीवर वाजवलं.”

खोलीच्या भिंतींवर लाकडी फळ्या आहेत, काळ्यावर सोनेरी अक्षरं : तारीख, पद्धत, लागलेला वेळ, कोणत्या दोराला कोण. गावातल्या दोनशे वर्षांतल्या लोहार-सुतारांची नावं दुसरीकडे फक्त थडग्यांवर सापडतात.

एका सकाळी बाईंनी मला काही मैलांवरच्या ईस्ट बर्गहोल्टला नेलं. चित्रकार जॉन कॉन्स्टेबलचं जन्मगाव. तिथल्या चर्चचा मनोरा १५२५ साली बांधायला घेतला आणि अर्धवटच राहिला. लोक त्याचा संबंध कार्डिनल वूल्झीच्या पतनाशी जोडतात. घंटा ठेवायच्या कुठे, म्हणून १५३१ साली अंगणात लाकडी पिंजरा उभारला, मनोरा होईपर्यंत. मनोरा झाला नाही आणि पिंजरा अजून आहे. त्यात पाच घंटा, वजन चार टनांहून जास्त, सर्वांत मोठी एकटीच सव्वा टनाहून जड. चाक नाही, दोर नाही. वाजवणारा घंटेच्या शेजारी जमिनीवर उभा राहून तिची तुळई हातांनी ढकलतो आणि ते वजन त्याच्या छातीसमोरून फिरतं. बाई पिंजऱ्याच्या जाळीला कपाळ टेकवून बराच वेळ पाहत राहिल्या. “तात्पुरती सोय,” एवढंच म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर त्या अडचणींबद्दल बोलायला लागल्या, आणि पुढचे दिवस आम्ही दुसरं काही फारसं बोललो नाही.

इंग्लंडात अशा घंटांचे पाच हजारांहून जास्त मनोरे आहेत. जगातले अशा पद्धतीचे बहुतेक सगळे तिथंच. त्यांतल्या प्रत्येकाला दर आठवड्याला सहा-आठ माणसं लागतात. घंटा नीट हाताळायला शिकण्यातच दहा-पंधरा तास जातात, तेही एकाच्या शेजारी एक उभं राहून, आणि ओळी वाजवणं त्यानंतर. मार्च २०२० मध्ये महामारीनं मनोरे बंद झाले. माणसं घरी बसून संगणकावर आभासी दोर ओढत राहिली. हाताला वजन नव्हतं, पण मोजणी विसरली नाही. दारं उघडली तेव्हा मात्र काही जण जिना चढायच्या वयापलीकडे गेले होते. मे २०२३ मधल्या राज्याभिषेकासाठी देशभर नवे वादक शोधले गेले. बाईंकडे चौघे आले. त्यांतली एक पंधरा वर्षांची मुलगी टिकली. पुढल्या वर्षी ती शिकायला शहरात जाईल.

लंडनची व्हाइटचॅपल ओतशाळा २०१७ साली बंद झाली. लफबरोची चालू आहे. शहरातून येऊन घर घेतलेल्या शेजाऱ्याची सरावाच्या आवाजाबद्दल तक्रार आली, म्हणून मनोऱ्याच्या खिडक्यांना आतून फळ्या लावल्या. आता मंगळवारचा सराव अर्ध्या गावाला ऐकूच येत नाही. बाईंना यात राग नव्हता, मला आला. जी बातमी न विचारता प्रत्येकाच्या घरात जात होती, ती फळ्यांच्या आड ठेवायची आणि मग वाजवायला कुणी का येत नाही म्हणून फलकावर कागद लावायचा, हे मला पटलं नाही. त्या म्हणाल्या, “त्यांचं तान्हं मूल आहे.”

आणि अॅश. झाडं शेंड्याकडून वाळवत नेणारा बुरशीचा रोग ब्रिटनमध्ये २०१२ साली आढळला, आणि इंग्लंडचा हा पूर्व भाग त्याच्या पहिल्या तडाख्यातला. चर्चच्या मागच्या कुंपणातली तीन झाडं बाईंनी मला दाखवली. फांद्या उघड्या, साल फाटलेली. याच कुंपणातल्या लाकडाचे स्टे त्यांच्या वडिलांनी घडवले होते. त्यांच्या गॅरेजमध्ये दोन दांडे अजून वाळत ठेवलेले आहेत, टोकांना मेण लावून.

शेवटच्या मंगळवारी पाच जण आले. पाच घंटांवर ग्रँडसायर नावाची पद्धत, एकशे वीस ओळी. मुलीचा दोनदा गोंधळ झाला, दोनदा बाईंनी मान न वळवता तिला तिची जागा सांगितली : “आता तिसऱ्याच्या मागे ये, बाळ.” तिसऱ्या खेपेला ओळी शेवटपर्यंत गेल्या आणि घंटा पुन्हा १२३४५ वर आल्या. मुलगी काही बोलली नाही, फक्त तळहात पँटला पुसले.

मग घंटा उतरवायच्या. उलट्या घंटा तशाच सोडल्या तर कुणी नकळत दोर ओढला तरी जीव जाऊ शकतो. झोके लहान लहान होत गेले, टोले एकमेकांजवळ सरकले आणि थांबले. छतातून एक लोखंडी आकड्यांचा कोळी खाली येतो, त्याच्यावर दोर अडकवून वर ओढून घेतात. बाईंनी सहाही दोर अडकवले, न वाजलेला सहावासुद्धा, आणि कोळी वर चढवला. खाली उतरून त्यांनी फलकावरचा पिवळा कागद काढला आणि पिशवीतून नवा काढून त्याच खिळ्यांना लावला.