नस सुटली तरी स्नायू वाट पाहतो

ऑक्टोबर छाटणीला पेठ, सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत येतात. कात्रीने बोट कापले पण दुखलेच नाही, असे कोणी सांगितले तर ‘काम करून हात घट्ट झाला’ म्हणून सोडून देऊ नका. करंगळी बधिर असेल, अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग खोलगट दिसत असेल, तर कोपरामागून जाणारी नस तपासून घ्यावी. कारणे अनेक असतात. कुष्ठरोग हे त्यांतले एक.

आपल्या पेशींवर एकमेकींना धरून ठेवणारी प्रथिने असतात. त्यांपैकी एक एनकॅम. गर्भात स्नायू घडताना ते स्नायूच्या धाग्यावर सगळीकडे असते. नस येऊन जोडली गेली की ते आटते, मुख्यतः त्या जोडापाशी उरते. १९८५ साली अमेरिकेत कोव्हॉल्ट आणि सेन्स यांनी दाखवले की प्राण्याच्या स्नायूची नस तोडली की एनकॅम पुन्हा धाग्यावर पसरते. स्नायू लगेच मरत नाही, नव्या नसेला धरायच्या तयारीत राहतो. द्राक्षाच्या कोंबासाठी तार ओढून ठेवावी तसा. पण नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते. कोपरापासून पंजापर्यंत यायला वर्षाच्या आसपास लागते, आणि तोवर स्नायू सुकत जातो.

कुष्ठरोगाचा जंतू अशाच एका चिकट प्रथिनाचा फायदा घेतो. नसेच्या आवरणावरच्या लॅमिनिनला चिकटून तो आत शिरतो. हे लॅमिनिन स्नायूच्या धाग्याभोवतीही असते. यात पूर्वजन्मीचे पाप कुठे बसते, ते सांगणाऱ्यांनीच दाखवावे. २०१९ पर्यंत आपल्या कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते, हेही विसरू नये.

सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते, सहा ते बारा महिन्यांचे. त्याने जंतू मरतो, गेलेली नस परत येत नाही. म्हणून हाताची ताकद नुकतीच कमी झाली असेल तर ते डॉक्टरांना वेगळे सांगावे. नसेची सूज उतरवणारे स्टिरॉइड पहिल्या सहा महिन्यांत सुरू झाले तर ताकद परतण्याची शक्यता अधिक असते. तपासणी साधी आहे: डोळे मिटायला लावून पेनाच्या टोकाने हलका स्पर्श करतात आणि करंगळी बाहेरच्या बाजूला ताणून धरायला सांगतात.