जेवल्याची आठवण
वजनाचा हिशेब : लेखांक सातवा

टीव्हीसमोर बसून जेवलं की वजन वाढतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणालाच मनापासून पटलेलं नाही. आपल्याकडे मालिकांची वेळ आणि रात्रीच्या जेवणाची वेळ एकच असल्यामुळे हा प्रश्न घरोघरचा आहे. या सवयीबद्दल बोलताना दोन कारणं हमखास पुढे येतात : बसून राहणं, आणि नादात दोन घास जास्त जाणं. दोन्हींत तथ्य आहे. पण पुरावा नीट पाहिला तर टीव्हीसमोरच्या जेवणाचा मोठा भुर्दंड त्या जेवणानंतर पडतो, पुढच्या खाण्याच्या वेळी. तो का पडतो हे समजून घ्यायचं तर भुकेचा आणि आठवणीचा संबंध आधी पाहायला हवा.

1998 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. मेंदूला झालेल्या इजेमुळे या दोघांना थोड्या वेळापूर्वी घडलेलंही आठवत नसे. त्यांचं जेवण झालं की ताट उचलायचं आणि 10 ते 30 मिनिटांनी पुन्हा जेवण समोर ठेवायचं, एवढाच प्रयोग. दोघंही दुसऱ्यांदा जेवले. तिसऱ्यांदा वाढल्यावरही बहुतेक वेळा त्यांनी खायला सुरुवात केली. पोट तर भरलेलं होतं. नव्हती ती जेवल्याची आठवण. आपण कधी खायचं आणि किती खायचं, हे ठरवताना मेंदू पोटाकडून येणाऱ्या निरोपाबरोबर ही आठवणही विचारात घेतो, असा याचा अर्थ. रुग्ण दोनच होते, त्यामुळे यावर फार मोठी इमारत उभी करता येत नाही. पण पाया मात्र इथला.

मग धडधाकट माणसाची आठवण थोडी पुसट केली तर? बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या सुझान हिग्ज यांनी 2009 साली विद्यार्थिनींवर हेच तपासलं. एके दिवशी टीव्ही पाहत जेवण, एके दिवशी टीव्हीविना, आणि दुपारनंतर दोन्ही वेळा बिस्किटं समोर. टीव्हीच्या दिवशी बिस्किटं जास्त संपली आणि त्या दिवशीच्या जेवणाची आठवणही फिकट निघाली. ब्रिस्टल विद्यापीठात 2011 साली 44 जणांना नऊ पदार्थांचं सारखंच जेवण दिलं. निम्म्यांनी ते संगणकावर पत्त्यांचा डाव खेळत खाल्लं. अर्ध्या तासाने बिस्किटं आली तेव्हा खेळणाऱ्यांनी जवळपास दुप्पट खाल्ली, आणि कोणता पदार्थ कशानंतर खाल्ला हेही त्यांना इतरांइतकं नीट सांगता आलं नाही. जेवणात सगळ्यांच्या पोटात गेलेलं अन्न तेवढंच होतं, हे ध्यानात घ्या. 2013 साली लिव्हरपूलच्या एरिक रॉबिन्सन यांनी अशा 24 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. लक्ष दुसरीकडे असताना त्या वेळचं खाणं वाढतंच, पण नंतरचं खाणं त्याहून अधिक वाढतं, असं त्यात निघालं.

आपल्या घरात या हिशेबात आणखी एक भर पडते. प्रयोगशाळेत ताट एकदाच भरून मिळतं. आपल्याकडे पोळी तव्यावरून एकेक येते, भात मागाहून येतो, आणि प्रत्येक वेळी ‘अजून देऊ का?’ असं विचारलं जातं. नजर पडद्यावर असलेला माणूस या प्रश्नाला मान हलवून उत्तर देतो, आणि ती मान ‘हो’ म्हणाली की ‘नको’, हे वाढणारी ठरवते. ‘पुरे’ म्हणायला आपण किती खाल्लं याचा अंदाज लागतो; तो अंदाज तिथे नसतोच. मग साडेदहाला फरसाणाचा डबा उघडला जातो. शेव-फरसाणात 100 ग्रॅममागे 500 हून जास्त कॅलरी असतात, म्हणजे 20 ग्रॅमच्या मुठीत सुमारे 100. अमेरिकेतले केव्हिन हॉल यांनी 2011 साली मांडलेल्या हिशेबाप्रमाणे रोजच्या आहारात अशी 100 कॅलरींची कायमची भर पडली तर वजन हळूहळू चार किलोंच्या आसपास वाढतं, त्यातलं निम्मं पहिल्या वर्षात, आणि मग स्थिरावतं. वाढलेल्या शरीराचा खर्चही वाढतो म्हणून ते थांबतं. चार किलो हा आकडा घाबरवणारा नाही. सोडून द्यावा असाही नाही.

आता आक्षेप. पहिला आक्षेप बैठकीचा : टीव्ही पाहणारा हलत नाही म्हणून जाड होतो, जेवणाला कशाला दोष? कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरातल्या दोन शाळांमध्ये केलेला आणि 1999 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे उपयोगी पडतो. तिसरी-चौथीच्या 192 मुलांपैकी एका शाळेतल्या मुलांचा टीव्ही कमी करवला. वर्षअखेर त्यांचा बीएमआय दुसऱ्या शाळेतल्या मुलांपेक्षा कमी वाढला होता. शारीरिक हालचालीत मात्र म्हणण्यासारखा फरक नव्हता. टीव्हीसमोर होणारी जेवणं तेवढी घटली होती. एका प्रयोगाने बैठक निर्दोष ठरत नाही, पण सगळा दोष तिच्यावर ढकलता येत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. गप्पा मारत जेवतानाही लक्ष ताटात नसतं, मग पंगतही वाईट का? मरियन हेदरिंग्टन यांच्या 2006 सालच्या अभ्यासात एकट्याने जेवण्याच्या तुलनेत टीव्हीसमोर 14 टक्के जास्त खाल्लं गेलं, आणि मित्रमंडळींबरोबर तर 18 टक्के! केवळ आकडा पाहिला तर मित्रच मोठे गुन्हेगार ठरतात. पण मित्रांची पंगत रोज नसते, मालिका आठवड्यातले बहुतेक दिवस असते. शिवाय गप्पांमध्ये जेवण हाच बहुधा एक विषय असतो : आमटी तिखट झाली, वांगी कुठून आणली, मागच्या वेळची भाकरी जास्त चांगली होती. पडद्यावरची सासू तुमच्या ताटाबद्दल काही बोलत नाही. (हा शेवटचा भाग माझा तर्क आहे, त्या अभ्यासाचा निष्कर्ष नव्हे.)

तिसरा आक्षेप संशोधनावरच्या विश्वासाचा, आणि तो रास्त आहे. कॉर्नेल विद्यापीठाचे ब्रायन वान्सिंक या विषयातलं मोठं नाव होतं. मारधाडीचा कार्यक्रम पाहताना माणसं जास्त खातात, हा त्यांच्या गटाचा निष्कर्ष बराच गाजला. 2018 साली ‘जामा’ समूहाच्या नियतकालिकांनी त्यांचे सहा शोधनिबंध मागे घेतले, त्यांत हाही होता. म्हणून वर दिलेल्या पुराव्यात त्यांचं काम घेतलेलं नाही, आणि ते वगळूनही मुख्य मुद्दा उभा राहतो.

इतकं झाल्यावर वाटेल की जेवताना लक्ष द्या, की उतरलं वजन. तसं होत नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 107 जणांपैकी काहींना मोबाईलवर एक ॲप दिलं. खाण्याआधी फोटो काढायचा, आधी काय खाल्लं ते आठवायचं, लक्षपूर्वक खायचं. आठ आठवड्यांनी त्यांचं वजन इतरांपेक्षा म्हणण्यासारखं उतरलं नव्हतं. लक्ष हे ठरवून, घासागणिक पुरवता येत नाही. त्यापेक्षा खोलीतली मांडणी बदलणं सोपं : टीव्ही दिसणार नाही अशा जागी जेवायला बसावं, किंवा जेवण होईपर्यंत तो बंद ठेवावा. पाहुणे आले, सामना रंगात आला आणि टीव्ही बंद होणारच नसेल, तर पोळ्या आणि भात सुरुवातीलाच ताटात वाढून घ्यावा, म्हणजे मान हलवण्याचा प्रश्न येत नाही. फरसाण वाटीत काढून डबा स्वयंपाकघरात परत ठेवावा. मुख्य म्हणजे, टीव्ही पाहत जेवण झालं त्या रात्री दीड-दोन तासांनी लागणारी भूक खरीच आहे असं लगेच धरून चालू नये. पुढच्या लेखात झोप आणि भूक.