जन्मानंतरही घडत राहणारं फुप्फुस

छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा, म्हणजे श्वासपटल, गर्भ दहा आठवड्यांचा होईस्तोवर पुरता मिटायला हवा. दर अडीच-तीन हजार बाळांमागे एखाद्याचा तो मिटत नाही. भोक राहतं, बहुतेकदा डावीकडे, आणि आतडी वर चढून फुप्फुसाची जागा बळकावतात.

शस्त्रक्रिया सांगायला सोपी वाटते. आतडी खाली ओढायची, भोक शिवायचं आणि ते फारच मोठं असेल तर कृत्रिम ठिगळ लावायचं. बॉस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी एका दिवसाच्याही न झालेल्या बाळावर ती यशस्वी झाल्याचं १९४६मध्ये नोंदवलं. पण जागा मोकळी झाली म्हणून फुप्फुस लगेच ती भरत नाही, कारण ते नुसतं दबलेलं नसतं, अर्धवट घडलेलं असतं.

आपल्या श्वासनलिकेला फाटे फुटतात, त्या फाट्यांना पुन्हा फाटे. ही फुटवण गर्भाच्या सोळाव्या आठवड्याच्या सुमारास संपते. आतड्यांची घुसखोरी नेमकी त्याच काळातली. त्यामुळे दबलेल्या बाजूला फाटे कमी पडतात आणि थोडेफार दुसऱ्या बाजूलाही. ते पुढे कधीच भरून येत नाहीत.

फाट्यांच्या टोकांना असणाऱ्या वायुकोशांची तऱ्हा मात्र निराळी. जन्मतः ते काही कोटी असतात, मोठेपणी तीस ते पन्नास कोटी! ही भर लहानपणीच आटोपते असं पुष्कळ वर्षं मानलं जाई. मग इंग्लंडमधल्या लेस्टरच्या संशोधकांनी ७ ते २१ वर्षांच्या मुलांना हेलियम वायू श्वासातून घ्यायला दिला आणि एमआरआयवर पाहिलं की त्याचे अणू भिंतीला आपटण्याआधी किती भटकू शकतात. त्यावरून वायुकोशाचं माप निघतं. २०१२मध्ये निष्कर्ष आला: वयाबरोबर फुप्फुसं कितीतरी मोठी होतात, पण वायुकोशाचं माप फारसं बदलत नाही. म्हणजे मिसरूड फुटायच्या वयातही नवे वायुकोश तयार होत असणार. मला तरी हे वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही.

शस्त्रक्रिया झालेल्या मुलांच्या आशेचं मूळ इथेच आहे. एक्स-रेवर काही महिन्यांत ती बाजू भरलेली दिसते आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. मात्र नवे वायुकोश आले की आहेत तेच ताणले गेले, हे एक्स-रे सांगत नाही. रक्तवाहिन्याही मागे राहतात. हवा पोचते तिथे रक्त पुरेसं पोचतंच असं नाही.

म्हणून मूल पाच-सहा वर्षांचं झालं की स्पायरोमेट्री करतात. नाकाला चिमटा, तोंडात नळी, पडद्यावर वाढदिवसाच्या मेणबत्त्या. तंत्रज्ञ ओरडतो, "फुंक, फुंक, अजून फुंक!" पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, यावरून श्वासनळ्या किती अरुंद आहेत ते कळतं. शाळेत पळणाऱ्या, खेळणाऱ्या मुलाचाही आकडा बरेचदा थोडा कमीच भरतो. त्याच्या आसपास कुणी विडी-सिगारेट ओढू नये, लसी चुकवू नयेत, असं डॉक्टर बजावतात ते यामुळेच.

ज्यांना ठिगळ लावलंय त्यांची आणखी एक भानगड. मूल वाढतं, ठिगळ वाढत नाही. ते एखाद्या कडेला सुटलं तर आतडी पुन्हा वर सरकू शकतात. कधी छाती किंवा पाठीचा कणा एका बाजूला झुकतो. म्हणून मूल झपाट्याने उंच होऊ लागलं की तपासताना डॉक्टर त्याला शर्ट काढून पाठमोरं उभं करतात.