सायकलीचे वजन आणि वाऱ्याचे गणित

रविवारी पहाटे दिल्लीत इंडिया गेटच्या परिसरात सायकलस्वारांचे मेळे जमतात. फेरी आटोपली, की चहाच्या पेल्याबरोबर एकमेकांच्या सायकलींची पारख सुरू होते. एक जण आपली सायकल दोन बोटांनी उचलून दाखवितो. दुसरा कार्बन फायबरच्या सांगाड्याचे गुण वर्णितो. हलकेपणा ही येथे प्रतिष्ठेची खूण. साधी लोखंडी सायकल वीस किलोंच्या आसपास भरते. शर्यतीच्या सायकलीला आंतरराष्ट्रीय नियमाने किमान ६.८ किलो वजन पुरते.

परंतु दिल्लीचे रस्ते बव्हंशी सपाट आहेत. सपाटीवर वेग वाढला, की स्वाराची बहुतेक शक्ती हवा कापण्यात खर्च होते. वेग दुप्पट झाला, तर हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यास शक्ती आठपट लागते. हा विरोध मुख्यत्वे स्वाराच्या देहामुळे होतो. त्याने वाकावे म्हणूनच हँडल खाली वळविलेले असते. याउलट, सत्तर किलोंच्या स्वाराने आठ किलोंची सायकल एका किलोने हलकी केली, तर एकूण ओझे जेमतेम सव्वा टक्क्याने घटते. त्यासाठी हजारो रुपये मोजले जातात. सीट मात्र बोटभर खाली राहिली, तर गुडघे दुखू लागतात आणि मोलाची सायकल भिंतीला टेकून राहते.

१९५१ साली दिल्लीत पहिले आशियाई क्रीडासामने झाले. त्यांतील सायकलस्वार पोलादी सांगाड्यांवरच शर्यती धावले. झंडेवालानच्या सायकल-बाजारात शिरणाऱ्या नवख्याने म्हणून आधी आपल्या शरीराचे माप सांगावे; वजनाची चौकशी मागाहून करावी.