दवाखान्यात कामाला जाणाऱ्या आपल्या लेकी-सुनांसाठी

15 जून 2020 रोजी चर्चगेट-विरार लोकल पुन्हा धावू लागली, पण फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. लॉकडाऊनच्या त्या दिवसांत वसई, नालासोपारा, विरारहून मुंबईच्या रुग्णालयांत कामाला जाणाऱ्यांमध्ये परिचारिका, वॉर्डबॉय, आया आणि सफाई कामगार होते. त्याआधी एप्रिलमध्येच मुंबई सेंट्रलच्या वोकहार्ट रुग्णालयात 26 परिचारिका आणि 3 डॉक्टरांना कोरोनाची लागण झाल्याचे उघड झाले होते आणि ते रुग्णालय प्रतिबंधित क्षेत्र घोषित करावे लागले होते. रुग्णांची सेवा करणाराच आजारी पडला तर सगळा वॉर्ड आणि त्याचे घरदार धोक्यात येते, हे तेव्हा सर्वांनी पाहिले.

कोरोनाची लाट ओसरली, पण क्षयरोग, हेपटायटिस-बीची कावीळ, एचआयव्ही हे धोके दवाखान्यात रोजचेच आहेत. आज आपल्या समाजातल्या अनेक मुली नर्सिंग आणि लॅबचे शिक्षण घेत आहेत. म्हणून ही माहिती घरातल्या सर्वांना हवी, असे आम्हाला वाटते.

पहिली गोष्ट हातांची. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याच्या पाच वेळा सांगितल्या आहेत: रुग्णाला हात लावण्यापूर्वी, सलाईन किंवा ड्रेसिंगसारख्या कामापूर्वी, रक्त वा लघवीशी संपर्क आल्यावर, रुग्णाला हात लावल्यानंतर आणि त्याच्या खाटेला, चादरीला हात लागल्यावर. हात मळलेले दिसत असतील तर साबण-पाण्याने 40 ते 60 सेकंद धुवावेत. एरवी हॅन्डरब 20 ते 30 सेकंद चोळला तरी चालतो. हातमोजे घातले म्हणून हात धुणे टळत नाही. आपल्याला वुजूची सवय आहे, ती चांगलीच. पण वॉर्डमधले हात धुणे नमाजच्या वेळेवर नव्हे, प्रत्येक रुग्णागणिक असते.

हॅन्डरबमध्ये अल्कोहोल असते, मग ते चालेल का, असे आम्हाला पालक विचारतात. जानेवारी 2002 मध्ये मक्केत भरलेल्या इस्लामी फिकह परिषदेने जखम साफ करण्यासाठी, जंतू मारण्यासाठी आणि बाहेरून लावायच्या औषधांत अल्कोहोलच्या वापराला परवानगी दिली आहे. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ आणि लांब नखे मात्र ड्यूटीवर नकोत. त्यांच्याखाली जंतू राहतात. पूर्ण बाह्यांबाबत ब्रिटनच्या आरोग्य विभागाने 2010 मध्ये एक वाट दाखवली: कोपरापासून मनगटापर्यंत एकदाच वापरून टाकून द्यायच्या बाह्या घालाव्यात, त्या घालण्यापूर्वी आणि काढल्यावर हात धुवावेत. असा मार्ग इथेही सुचवता येईल.

दुसरी गोष्ट सुईची. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. ती लगेच पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाकावी. टोचलीच तर जखम पिळू नये, तोंडात घालू नये. साबण-पाण्याने धुवावी आणि ताबडतोब वरिष्ठांना सांगावे. लस न घेतलेल्या व्यक्तीला हेपटायटिस-बी असलेल्या रुग्णाची सुई टोचली, तर 100 पैकी 6 ते 30 जणांना लागण होऊ शकते. एचआयव्हीचे प्रमाण 1000 पैकी सुमारे 3 आहे. एचआयव्हीवरचे प्रतिबंधक औषध शक्यतो पहिल्या दोन तासांत, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यावे लागते. नोकरी जाईल या भीतीने लपवणे जिवावर बेतू शकते.

तिसरी गोष्ट हक्काची, आणि तीच सर्वांत कमी लोकांना ठाऊक आहे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016 छोट्या दवाखान्यालाही लागू आहेत. त्यांनुसार आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि असा कचरा हाताळणाऱ्यांना हेपटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस देणे, कामावर घेताना आणि नंतर वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी व प्रशिक्षण देणे, संरक्षक साधने पुरवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. कचऱ्याची पिशवी बांधणाऱ्या मावशीलाही हे सर्व लागू आहे.

गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये लेक नोकरीला लागते तेव्हा आपण पगार विचारतो, ड्यूटीच्या वेळा विचारतो, रात्रपाळीहून परतताना रिक्षा मिळेल का तेही विचारतो. त्याच दमात आणखी तीन प्रश्न विचारावेत: हेपटायटिस-बीच्या लशीचे तिन्ही डोस कधी मिळणार? सुई टोचल्यास औषध कुठे मिळेल? क्षयरोगाच्या रुग्णाजवळ जाताना एन-95 मास्क मिळतो का? सासरच्यांनीही सुनेसाठी हेच विचारावे. उत्तर टाळले गेले, तर ही नोकरी तिथेच करावी का, याचा विचार घरात बसून जरूर करावा.