दाह, प्रतिकारशक्ती आणि कर्करोग्याचे भवितव्य



कर्करोगाचे निदान झाले की रुग्णाच्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न 'आता पुढे काय?' असा असतो. तो बहुधा रुग्णासमोर विचारला जात नाही. दाराबाहेर, हलक्या आवाजात विचारला जातो. आपल्या जुन्या वैद्यकात या प्रश्नाला 'साध्यासाध्यविचार' असे भारदस्त नाव होते. रोग साध्य, कष्टसाध्य, याप्य की असाध्य, हे पाहिल्यावाचून वैद्याने चिकित्सेला हात घालू नये, असा दंडक होता. यांपैकी 'याप्य' म्हणजे पुरता बरा न होणारा, पण उपचार चालू असेतो आटोक्यात राहणारा रोग. पडू पाहणाऱ्या घराला नीट लावलेला टेकू त्याला तोलून धरतो, तशी ही चिकित्सा, असा दृष्टान्त सुश्रुतसंहितेत आहे. आजचे पुष्कळ कर्करोगी या तिसऱ्या वर्गात मोडतात.

आधुनिक वैद्यकाने या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ गाठीकडे पाहून दिले. गाठ केवढी, ती जवळच्या लसिका-ग्रंथींत उतरली आहे काय, दूरच्या अवयवांत पोहोचली आहे काय, या तीन गोष्टींवरून रोगाची पायरी ठरविण्याची पद्धत फ्रान्समधील पिएर डेनोआ यांनी १९४३ ते १९५२ या काळात बसविली, आणि ती आजही जगभर चालते. परंतु एकाच पायरीवरचे, एकच उपचार घेतलेले दोन रुग्ण. त्यांतला एक सहा महिन्यांत खंगून जातो आणि दुसरा सहा वर्षे आपल्या दुकानाच्या गल्ल्यावर बसतो, असे का व्हावे? याचे उत्तर केवळ गाठीत नाही. ज्या देहात ती वाढते, तो देह तिच्याशी कसा वागतो, यातही ते आहे.

देहाच्या या वागण्यातील मुख्य गोष्ट म्हणजे दाह. लाली, सूज, उष्णता आणि ठणका ही त्याची चार लक्षणे रोमन ग्रंथकार सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदविली. सुश्रुताने व्रणशोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था सांगून शस्त्र केव्हा लावावे याचा निर्णय त्यांवर सोपविला. बोटात काटा मोडला की पांढऱ्या पेशी तिकडे धावतात, जंतूंचा फडशा पाडतात, जखम भरते आणि मग हा सारा लवाजमा आल्या वाटेने परत जातो. यातले परत जाणे फार महत्त्वाचे. १८६३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ विरचो याने अर्बुदांच्या गाभ्यात अशा पांढऱ्या पेशी पाहिल्या आणि जुनाट दाह व कर्करोग यांचा काही संबंध असावा असे सुचविले. पुढे सव्वाशे वर्षांनी, १९८६ मध्ये, अमेरिकेतील हॅरल्ड ड्वोराक यांनी अर्बुदाला 'न भरणारी जखम' म्हटले. इथे दुरुस्तीची पथके येतात, नव्या रक्तवाहिन्या घालतात, वाढीची द्रव्ये ओततात, पण काम संपल्याची वर्दी कधी येतच नाही. त्या साऱ्या सामग्रीवर गाठ पोसली जाते.

या न संपणाऱ्या दाहाची बातमी गाठीपुरती राहत नाही. गाठीतील पेशी आणि तिच्या भोवतीच्या भक्षकपेशी इंटरल्यूकिन-६ नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. ते यकृताला पोहोचले की यकृताचा कारभार बदलतो. नित्याचे अल्ब्युमिन करणे ते कमी करते आणि सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे आपल्या रिपोर्टांतील सीआरपी, भराभर तयार करू लागते. हे प्रोटीन १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडले होते. कर्करोगाशी त्याचा काही संबंध असेल, अशी तेव्हा कोणाला कल्पना नव्हती.

ग्लासगो येथील डॉक्टरांनी २००३ मध्ये फुप्फुसाच्या, शस्त्रक्रिया न होऊ शकणाऱ्या कर्करोगात एक साधा हिशेब मांडला. सीआरपी लिटरमागे १० मिलिग्रॅमहून अधिक असेल तर एक गुण. अल्ब्युमिन लिटरमागे ३५ ग्रॅमहून, म्हणजे आपल्या रिपोर्टांच्या भाषेत ३.५ हून, कमी असेल तर आणखी एक. शून्य गुणांचे रुग्ण अधिक जगले, दोन गुणांचे सर्वांत कमी. पुढे इतर अनेक कर्करोगांतही हाच क्रम आढळला. या परीक्षेत जितके गुण अधिक तितका विद्यार्थी मागे, एवढे शाळेच्या नियमाविरुद्ध आहे!

दुसरा हिशेब त्याहून स्वस्त. रक्ताच्या साध्या तपासणीत न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे शेकडा प्रमाण दिलेले असते. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागावे. याच इमारतीत आपण शिकलेले हे गुणोत्तर. न्यूट्रोफिल ६० आणि लिम्फोसाइट ३० असतील तर उत्तर २. ८० आणि १० असतील तर ८. दीर्घ दाहात अस्थिमज्जा न्यूट्रोफिलांची भरती वाढविते आणि रक्तातील लिम्फोसाइट रोडावतात. लिम्फोसाइट हे गाठीशी लढणारे शिपाई. न्यूट्रोफिल मात्र इथे अनेकदा गाठीलाच रसद पुरवितात. २०१४ मध्ये शंभर अभ्यासांतील ४०,५५९ रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या गेल्या. ज्यांचे गुणोत्तर ठरविलेल्या मर्यादेहून अधिक होते (ही मर्यादा साधारणपणे ४ च्या आसपास होती) त्यांच्यातील मृत्यूचा वेग इतरांच्या सुमारे १.८ पट आढळला.

आता मला थोडे थांबले पाहिजे. कारण सभा संपताच आपल्यापैकी काही जण घरी जाऊन कपाटातील रिपोर्ट काढतील आणि भागाकार करतील, हे मी जाणतो. हे आकडे कर्करोगाची खूण नव्हेत. दाढेला पू झाला, घसा धरला, छातीत क्षय असला, तरी सीआरपी चढतो. आणि क्षय आपल्या देशात काही दुर्मीळ नाही. केमोथेरपीच्या आधी स्टिरॉइड दिले असेल तर न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट उतरतात, म्हणजे औषधानेच गुणोत्तर बिघडते. पांढऱ्या पेशी वाढविण्याचे इंजेक्शन दिले असेल तर तो आकडा निरर्थकच ठरतो. यकृत वा मूत्रपिंड दुर्बल असेल तर अल्ब्युमिन वेगळ्याच कारणाने कमी असते. एका दिवसाच्या एका कागदावरून घरातल्या माणसाचे भवितव्य ठरविणे म्हणजे एका ढगावरून पावसाळा सांगणे होय.

येथपर्यंत ऐकून देहाची प्रतिक्रिया हाच शत्रू, असे कोणाला वाटेल. तसे नाही. रक्तातील दाह हे वाईट चिन्ह असले तरी गाठीच्या आत शिरलेले लिम्फोसाइट हे फार चांगले चिन्ह आहे. पॅरिसचे जेरोम गालाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगात गाठीच्या मध्यभागी आणि तिच्या कडेला किती टी-पेशी आहेत हे मोजून रोगाचे भवितव्य वर्तविता येते, असे दाखविले. २०१८ मध्ये याची आंतरराष्ट्रीय पडताळणी २,६८१ रुग्णांत झाली. तीत आपल्या बडोद्याहून फार दूर नसलेल्या अहमदाबादच्या गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूटचाही सहभाग होता. पडताळणीच्या पहिल्या गटात, ज्यांच्या गाठींत अशा पेशींची दाटी होती त्यांच्यापैकी ८ टक्के रुग्णांत पाच वर्षांत रोग उलटला. ज्यांच्या गाठी ओसाड होत्या त्यांच्यात हे प्रमाण ३२ टक्के होते.

या सैन्याला गाठीवर घालता येईल काय, हा विचारही नवा नाही. न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम कोली यांना एक जुनी नोंद सापडली. एका रुग्णाला धावरे झाले, आणि ताप उतरल्यावर त्याची गाठच नाहीशी झाली. १८९१ पासून कोली यांनी मुद्दाम जंतू टोचून असा दाह उत्पन्न करण्याचे प्रयोग केले. काहींना गुण आला, काहींना तो दाह झेपला नाही, आणि किरणोपचार आल्यावर ही वाट मागे पडली. टी-पेशींना गाठीपुढे कोण रोखून धरते, हे जेम्स अॅलिसन आणि तासुकु होन्जो यांनी उलगडले व त्यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यातून निघालेली औषधे आज आपल्याकडेही दिली जातात. मात्र त्यांची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातली नाही, हे या व्यासपीठावरून न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.

मग रक्तातला तो अनिष्ट दाह औषधाने दाबला तर? हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांत इंटरल्यूकिन-१ बीटा रोखणाऱ्या एका औषधाची चाचणी झाली होती. तिचा हेतू हृदयाचा होता; परंतु २०१७ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा मोठ्या मात्रेच्या गटात फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू बरेच कमी दिसले. मोठी आशा निर्माण झाली. पुढे प्रत्यक्ष फुप्फुसाचा कर्करोग असलेल्यांना तेच औषध देऊन पाहिले, तेव्हा अपेक्षित लाभ झाला नाही. शिवाय मूळ चाचणीत जंतुसंसर्गाने दगावणाऱ्यांची संख्या औषधाच्या गटात अधिक होती. दाह सरसकट विझविला की पहारेकरीही झोपतात. वेदनाशामक गोळ्या मनानेच सुरू करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

सरासरीच्या आकड्याविषयी एक उदाहरण देतो. प्रसिद्ध जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये पोटातील आवरणाचा मेसोथेलिओमा झाला. ग्रंथांत त्या रोगाचे मध्यमान आयुष्य आठ महिने लिहिले होते. गूल्ड गणित जाणणारे होते. आठ महिन्यांत निम्मे जातात याचा अर्थ निम्मे राहतात, आणि त्या राहिलेल्यांची शेपटी बरीच लांबवर जाते, हे त्यांनी १९८५ च्या एका लेखात समजावून सांगितले. ते २००२ पर्यंत जगले, आणि गेले ते वेगळ्या कर्करोगाने.

शेवटचा मुद्दा स्वयंपाकघरातला. दीर्घ दाहात स्नायू झिजतात, भूक मरते, वजन उतरते. घरच्यांना वाटते, हा नीट जेवत नाही म्हणून खंगतो आहे. मग आग्रह, शिरा, तुपाची धार, आणि अखेर रागावणे. वास्तविक पुष्कळदा क्रम उलटा असतो. दाहाची द्रव्ये मेंदूतील भुकेची केंद्रे मंद करतात आणि स्नायूंतील प्रथिने मोडतात, म्हणून नुसते अन्न वाढवून हे वजन पुरते भरून येत नाही. रुग्ण हट्टाने उपाशी राहत नसतो. थोडे थोडे, त्याला रुचेल तेव्हा, प्रथिने असलेले अन्न आणि झेपेल तितके चालणे याचा उपयोग होतो. जीडीएफ-१५ नावाचे, भूक मारणारे एक प्रोटीन रोखण्याचा प्रयोग २०२४ मध्ये १८७ रुग्णांत प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांत सर्वांत मोठ्या मात्रेच्या गटाचे वजन औषध न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २.८ किलो अधिक राहिले. त्याने आयुष्य वाढते काय, हे पाहण्यासाठी तो अभ्यास नव्हता. पण रुग्ण पुन्हा पानावर बसतो काय, हे मात्र त्यात पाहिले गेले.