जुना मोअर घ्या, पण तापवून पाहा

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे राहून आलेल्या आईवडिलांच्या बोलण्यात एक गोष्ट हमखास येते, ती म्हणजे घरापुढची हिरवळ. गवत वाढले की शेजारी नाराज होतात आणि अनेक गावांत नगरपालिकेची नोटीसही येते. ज्यांना वेळ नाही ते पैसे देऊन गवत कापून घेतात. एक पिकअप, एक ट्रेलर आणि एक यंत्र एवढ्या भांडवलावर कित्येकजण तिथे हा व्यवसाय सुरू करतात. पहिले यंत्र बहुधा जुनेच घेतले जाते. ते चुकीचे निघाले तर हंगाम वाया जातोच, पण शब्द दिलेली गिऱ्हाइकेही हातची जातात.

या कामासाठी सर्वाधिक पसंती असते 'झीरो टर्न' मोअरला. 1960 च्या दशकात कॅन्सस राज्यात जॉन रेगियर यांनी तयार केलेल्या यंत्रापासून हा प्रकार रुळला. याला स्टिअरिंगचे चाक नसते, दोन दांडे असतात. मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र हायड्रॉलिक पंप आणि मोटर. एक दांडा पुढे व दुसरा मागे ओढला की यंत्र जागच्या जागी गर्रकन फिरते. पुढची चाके ऑफिसच्या खुर्चीसारखी, जाईल तिकडे वळणारी. झाडांभोवती, कुंपणाच्या कडेने काम झपाट्याने उरकते ते यामुळेच.

खरी गोम अशी की घरगुती आणि व्यावसायिक झीरो टर्न लांबून सारखेच दिसतात. घरगुती यंत्र आठवड्यातून तासभर चालावे या हिशेबाने बनवलेले असते. त्यावर रोज सहासात तास बसले तर एका महिन्यात त्याच्याकडून काही वर्षांचे काम करून घेतल्यासारखे होते. शिवाय धंद्यासाठी वापरल्यास घरगुती यंत्राची वॉरंटी बहुधा अगदीच तोकडी होते किंवा मिळतच नाही.

फरक ओळखायचा तर खाली वाकून पाहावे लागते. पाती ज्या लोखंडी झाकणाखाली फिरतात तो डेक घरगुती यंत्रात बहुधा एकाच पातळ पत्र्यातून ठोकून काढलेला असतो. व्यावसायिक यंत्रात तो जाड पत्र्याचे तुकडे वेल्डिंगने जोडून केलेला असतो. पत्र्याची जाडी 'गेज'मध्ये सांगतात आणि इथे आकडा जितका लहान तितका पत्रा जाड! 7 गेजचा पत्रा सुमारे साडेचार मिलिमीटर, तर 13 गेजचा जेमतेम सव्वादोन. मोठा आकडा ऐकून खूश होणारे फसतात. तसेच घरगुती यंत्रातील पंप व मोटर बहुधा एकाच बंद पेटीत असतात. त्या बिघडल्या की दुरुस्तीऐवजी अख्खी पेटीच बदलण्याची वेळ येते आणि स्वस्तात घेतल्याचा सारा फायदा तिथेच संपतो.

मीटरवरच्या तासांचे काय? आकडा पाहावा, पण त्यावर विसंबू नये. मीटर बदलता येते, त्याची तारही काढून ठेवता येते. दांड्यांची गुळगुळीत झालेली मूठ, फाटलेली गादी, झिजलेले टायर यांच्याशी तो आकडा जुळतो का ते पाहावे. वेळच्या वेळी तेल बदललेले, 1,200 तास चाललेले व्यावसायिक यंत्र हे 150 तास चाललेल्या घरगुती यंत्रापेक्षा धंद्याला अधिक उपयोगी पडते. एअर फिल्टर काढून आतल्या स्वच्छ बाजूने बोट फिरवावे. बोटाला धूळ लागली तर ती इंजिनातही गेली आहे असे समजावे.

सर्वात महत्त्वाची परीक्षा वेळ खाणारी आहे आणि म्हणूनच पुष्कळजण ती टाळतात. विक्रेत्याला आधीच सांगावे की यंत्र थंडच ठेवा. तापवून ठेवलेले इंजिन सुरू होण्याची अडचण लपवते. थंड असताना सुरू करून निळा धूर येतो का ते पाहावे. मग अर्धा तास प्रत्यक्ष गवत कापावे आणि यंत्र चढावर न्यावे. झिजलेला पंप थंड तेलावर ठीक चालतो. तेल तापून पातळ झाले की तो घरघरू लागतो, एक बाजू मागे पडते. यंत्र सपाटीवर किंचित एका बाजूला ओढत असेल तर ते साध्या जुळवणीने सुटू शकते, पण तापल्यावर चढ न चढणारे यंत्र सरळ परत करावे.

नंतर इंजिन बंद करून, किल्ली आणि स्पार्क प्लगची तार काढून, हातमोजे घालून पाती हलवून पाहावीत. ती वरखाली डुगडुगली तर स्पिंडलचे बेअरिंग गेले आहे. स्पिंडल जिथे डेकला बसवलेले असते त्याभोवती तडा दिसतो का, पुन्हा वेल्डिंग केले आहे का, हेही तपासावे. नंबरची पट्टी खरवडलेली असेल तर पुढे बोलणीच करू नयेत. ट्रेलरवरून यंत्रे चोरीला जाण्याचे प्रकार तिथे घडतात.

यंत्र उत्तम असूनही कामाला निरुपयोगी ठरू शकते. 60 इंचांचा डेक मोकळ्या मैदानावर छान, पण मागच्या अंगणाचे फाटक 48 इंचांचे असेल तर तो बाहेरच उभा राहणार. अशा मोठ्या यंत्राचे वजन 500 किलोंच्या पुढे जाते, ओल्या जमिनीत त्याच्या चाकोऱ्या उमटतात. गिऱ्हाइके कोणती, त्यांची फाटके केवढी, हे टेपने मोजूनच डेक निवडावा.

आणि उतार! झीरो टर्नचे वळणे आणि थांबणे दोन्ही मागच्या चाकांवरच अवलंबून असते. ओल्या उतारावर ती घसरली तर चालकाच्या हाती काहीच राहत नाही. बहुतेक माहितीपुस्तिका 15 अंशांपेक्षा जास्त उतार टाळायला सांगतात, काही तर त्याहून कमी. यंत्र उलटल्यास चालकाला वाचवणारी मागची लोखंडी कमान आणि तिच्यासोबतचा पट्टा जागेवर आहेत की नाहीत, हे इंजिनाआधी पाहावे. ट्रेलरवर किंवा झाडाखाली अडचण होते म्हणून कमान काढून टाकणारे महाभाग असतात. ती नसेल तर नवी कमान मिळते का, कितीला मिळते, हे विचारून तेवढी रक्कम किमतीतून वळती करून घ्यावी. ही घासाघीस थंडीच्या तोंडावर, हंगाम संपताना, अधिक जमते. वसंतात गवत वर येऊ लागले की विक्रेता ऐकून घेत नाही.